बर्फाचं शिखर फोटोत राखाडी का होतं?

दिवाळीनंतर माझी मिरजेची मावशी काठमांडूला जाऊन आली. तिथून सकाळी तासाभराचं एक विमान सुटतं, हिमालयाच्या रांगेला समांतर पूर्वेकडे जातं आणि तसंच परत येतं. त्यात बसून तिने फोनवर एकशेचाळीस फोटो काढले. घरी आल्यावर फोन माझ्या हातात देत म्हणाली, "अरे, डोळ्यांनी बघितला तेव्हा बर्फ दुधासारखा होता. फोटोत बघ, रांगोळीत राख मिसळल्यासारखा. आणि यातलं एव्हरेस्ट कुठलं, तेवढं सांग."

दोन्ही प्रश्न घरगुती वाटतात, पण वैमानिक, नकाशे काढणारे आणि हिमनद्या मोजणारे शास्त्रज्ञ नव्वदहून अधिक वर्षं त्यांच्याशीच झुंजत आलेत. पांढऱ्यावरचं पांढरं टिपायचं कसं? आणि जे टिपलं ते नेमकं काय आहे, हे ओळखायचं कसं?

कॅमेऱ्याला बर्फ माहीत नसतो

फोटो काढताना किती प्रकाश आत घ्यायचा, हे कॅमेरा स्वतः ठरवतो. या प्रकाशाच्या मापाला एक्स्पोजर म्हणतात. आता, समोर काय आहे हे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला कळत नाही. त्याचा एक ठाम समज असतो: जगातल्या सगळ्या दृश्यांची सरासरी काढली तर ती मध्यम राखाडी येते. खानावळीतला आचारी कसा, गिऱ्हाईक कोल्हापूरचं असो की कोकणातलं, भाजी मध्यम तिखटच करतो, तसं. झाडं, माणसं, रस्ता असं मिसळ दृश्य असेल तर हा समज बऱ्यापैकी जमून जातो. पण ताजा बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशातला ऐंशी-नव्वद टक्के परत फेकतो. मीटर घाबरतं, फार उजेड झाला म्हणून झडप आवळतं आणि दुधासारखा बर्फ राखाडी करून टाकतं. गोठ्यातल्या काळ्या म्हशीचा फोटो काढलात तर उलटं होईल, म्हैस राखाडी दिसेल. कॅमेऱ्याच्या लेखी बर्फ आणि म्हैस एकच.

उपाय सोपा आहे, फक्त तो मनाला उलटा वाटतो. समोर इतका लख्ख उजेड असताना आपणच कॅमेऱ्याला आणखी प्रकाश घ्यायला सांगायचं. फोटोग्राफर याला एक ते दोन स्टॉप वाढवणं म्हणतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. फोनवर बर्फाला बोट लावून धरलं की बहुतेक वेळा सूर्याचं चिन्ह येतं, ते वर सरकवायचं.

"नवे फोन हे आपोआप करतात ना?" करतात, बऱ्याच वेळा. समोर बर्फ आहे हे ओळखून उजळवतातही. पण विमानाच्या खिडकीतून चौकटीत अर्धं आकाश, थोडा पंख आणि थोडा खिडकीचा काठ येतो आणि फोनचा अंदाज चुकतो. शिवाय अति उजळवलं तर दुसरंच संकट. बर्फावरच्या भेगा, वाऱ्याने उठवलेल्या लाटा, हिमकडा कोसळून गेल्याची खूण, सगळं एकसारखं पांढरं होतं. फोटोग्राफर म्हणतात, 'हायलाइट उडाले'. राखाडी फोटो नंतर उजळता येतो. उडालेलं मात्र परत येत नाही, कारण ते फोटोत उतरलेलंच नसतं. म्हणून माझं मत विचाराल तर मावशीचे राखाडी फोटो हे तिचं नशीब आहे.

सावल्या निळ्या का, हेही याच ओघात सांगून टाकतो. उन्हातल्या बर्फावर सूर्य असतो. सावलीतल्या बर्फावर फक्त आकाशाचा उजेड पडतो आणि आकाश निळं असतं. दूरच्या शिखरांवर निळसर पडदा येतो तो मधल्या हवेचा. आणि जितकं उंच जावं तितकी डोक्यावर हवा कमी, म्हणून आकाश गडद, जवळजवळ शाईसारखं दिसतं.

खिडकी नको, दारच काढा

विमानाच्या खिडकीत ॲक्रिलिकचे एकाहून जास्त थर असतात. त्यांवर ओरखडे, बोटांचे डाग आणि मागच्या प्रवाशाच्या पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब असतं. चकाकी कमी करणारा पोलरायझर लावलात तर त्या प्लास्टिकमधले ताण इंद्रधनुष्यासारखे उमटतात. काच आणि फोन यांच्यात बोटभर अंतर ठेवून, गडद शाल ओढून फोटो काढणं एवढंच प्रवाशाच्या हाती.

अमेरिकेचा ब्रॅडफर्ड वॉशबर्न हा माणूस वेगळा होता. १९३६ मध्ये अलास्कातल्या मॅकिन्ली शिखराभोवती त्याने छायाचित्रणासाठी उड्डाण केलं, ते विमानाचं दार काढून. दोराने स्वतःला बांधून घ्यायचं आणि वीस किलोंहून जड कॅमेरा उघड्या दारातून बाहेर रोखायचा. सूर्य कललेला असताना काढलेले त्याचे कृष्णधवल फोटो आज कलादालनांत लागतात. सूर्य कललेला का हवा, हे सह्याद्रीत हिंडणाऱ्याला सांगावं लागणार नाही. भर दुपारी राजगडाची सोंड सपाट दिसते, संध्याकाळी तिच्यातली प्रत्येक घळ उठून येते. बर्फावर तर सावलीशिवाय आकार कळायला दुसरा मार्गच नसतो. तिथे झाड नाही, घर नाही, गुरं नाहीत. समोरचा चढ दोनशे मीटरचा आहे की दोन हजारांचा, हे सांगणारं काहीच नाही.

पूर्णियाहून एव्हरेस्टवर

३ एप्रिल १९३३. बिहारमधल्या पूर्णियाजवळच्या लालबालू धावपट्टीवरून एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेली दोन ब्रिटिश विमानं उडाली. मोहिमेचा खर्च लेडी ह्यूस्टन या धनाढ्य बाईंनी उचलला होता. वैमानिक होते लॉर्ड क्लाइड्सडेल आणि डेव्हिड मॅकिंटायर, कॅमेरे सांभाळायला कर्नल ब्लॅकर आणि चित्रपटाचा कॅमेरामन बॉनेट. त्या दिवशी माणसाने पहिल्यांदा विमानातून एव्हरेस्ट ओलांडलं. तेन्झिंग आणि हिलरी तिथे पायी पोहोचायला अजून वीस वर्षं होती.

अडचण हवेची होती. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एकतृतीयांश असतो. इंजिनालाही श्वास लागतो. चुलीवर फुंकणी नसेल तर ओली लाकडं जशी धुमसत राहतात, तसं विरळ हवेत इंजिन मलूल होतं. म्हणून या विमानांच्या इंजिनांना सुपरचार्जर होता, म्हणजे हवा दाबून आत कोंबणारी फुंकणी. पंखांनाही टेकायला हवा कमी. माणसांसाठी प्राणवायूच्या नळ्या आणि विजेने तापणारे कपडे होते. कॅमेऱ्यांनाही विजेची ऊब द्यावी लागली, कारण कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होतं आणि फिल्म तडकते.

शिखराजवळ खाली दाबणाऱ्या वाऱ्याने विमानं शेकडो फूट खचली. बॉनेटची प्राणवायूची नळी फुटली. त्याने तिला रुमाल गुंडाळला आणि तो बेशुद्ध पडला. विमान खाली आल्यावर शुद्धीवर आला. एवढं करून नकाशासाठी हवे होते ते सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याचे फोटो नीट आले नाहीत. एप्रिलमधली मैदानावरची धूळ खूप उंच चढली होती आणि पायथ्याच्या ज्या खुणांवरून मोजणी सुरू करायची, त्या धुरकटात बुडाल्या. आता पुरे, परत या, असं वरून सांगितलेलं असताना ही मंडळी १९ एप्रिलला पुन्हा उडाली आणि कामाचे फोटो घेऊन आली.

त्यानंतरची गोष्ट मला जास्त आवडते. १९५१ मध्ये मायकेल वॉर्ड हा तरुण डॉक्टर-गिर्यारोहक लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या संग्रहात एव्हरेस्टचे जुने हवाई फोटो शोधत बसला. नेपाळ परदेशी लोकांना नुकतंच खुलं झालं होतं आणि दक्षिणेकडून वाट आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. १९३३ च्या उड्डाणाचे फोटोही त्याला तिथे सापडले. दक्षिणेची बाजू अशक्य नाही, हा त्याचा तर्क अशा फोटोंवर उभा होता. १९५३ ची वाट त्याच बाजूने गेली.

एका फोटोला खोली नसते, दोघांना असते

आता जरा अवघड भाग. फोटो सपाट असतो, मग त्यावरून डोंगराचा उंचसखलपणा कसा काढतात?

हात लांब करून अंगठा धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा डोळ्यांजवळ आणा, उडी मोठी होते. लांब न्या, लहान होते. एसटीच्या खिडकीतूनही हेच दिसतं. रस्त्याकडेची बाभूळ सर्रकन मागे जाते आणि लांबचा डोंगर मात्र सोबत चालत राहतो. जवळचं जास्त सरकतं, दूरचं कमी. किती सरकलं ते मोजलं की किती दूर आहे ते कळतं.

विमान तेच करतं. सरळ रेषेत उडत ठरावीक अंतराने खाली फोटो घेत जातं. प्रत्येक फोटोचा साधारण साठ टक्के भाग पुढच्या फोटोतही येतो, म्हणजे जमिनीवरचा प्रत्येक बिंदू दोन ठिकाणांहून टिपला जातो. शिखर कॅमेऱ्याच्या जवळ असतं, म्हणून दोन फोटोंत ते जास्त सरकतं. दरी लांब, ती कमी सरकते. जोडीने घेतलेल्या अशा फोटोंना स्टिरिओ जोडी म्हणतात.

वॉशबर्नने उतारवयात एव्हरेस्टसाठी हेच केलं. नेपाळ आणि चीन अशा दोघांची परवानगी काढली, जी माझ्या मते चढाईपेक्षा कठीण गोष्ट असावी. डिसेंबर १९८४ मध्ये लिअरजेट विमान सुमारे बारा किलोमीटर उंचीवरून फोटो घेत गेलं. त्यांवरून काढलेला नकाशा १९८८ मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक'ने छापला. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात पाचशे मीटर.

पांढऱ्या धोतराचे तुकडे

या युक्तीची एक अट आहे. पहिल्या फोटोतला हा बिंदू म्हणजेच दुसऱ्या फोटोतला तो बिंदू, हे ओळखता आलं पाहिजे. आज हे काम संगणक करतो. काठापदराच्या लुगड्याचे फाटलेले तुकडे जुळवायला दिले तर काठ बघून पटापट जुळवाल. पांढऱ्याशुभ्र धोतराचे दिले तर? ताज्या बर्फाचं मैदान हे तसं धोतर आहे. संगणकाला धरायला काही मिळत नाही, मग नकाशात तिथे भोकं पडतात किंवा नसलेली टेकाडं उगवतात.

सुरुवातीला सांगितलेलं एक्स्पोजर इथे परत येतं. हायलाइट उडालेला फोटो नुसता कुरूप नसतो, मोजणीला निकामी असतो. म्हणून मोजणीवाले सुंदर, झगझगीत फोटोपेक्षा थोडा मंद, पण बर्फावरची प्रत्येक सुरकुती जपणारा फोटो पसंत करतात. आणि सूर्य? फोटोग्राफरला तो कललेला हवा. मोजणीवाल्याला तितका कललेला चालत नाही, कारण लांब सावलीत अर्धा डोंगर बुडतो.

शिखर की खड्डा?

वरून काढलेला हिमालयाचा फोटो बघताना काही जणांना शिखरांच्या जागी दऱ्या दिसतात आणि नद्या डोंगराच्या धारेवरून वाहताना दिसतात. डोळ्यांत दोष नाही. आपला मेंदू धरून चालतो की उजेड वरून येतो. नकाशात उत्तर वर ठेवायची पद्धत आहे आणि हिमालयात सूर्य दक्षिणेकडून असतो, म्हणजे चित्रात उजेड खालून येतो. मेंदू ते मानायला तयार नसतो, त्याऐवजी तो डोंगराचाच खड्डा करतो. फोन उलटा धरा, शिखरं जागेवर येतील.

"फोटोवरून उंची कळते, तर माणूस वर कशाला पाठवायचा?"

कारण फोटो उंचीतला फरक सांगतो. समुद्रसपाटीपासून किती, हे सांगायला जमिनीवर आधीच मोजून ठेवलेल्या खुणा लागतात, त्याच त्या १९३३ मध्ये धुळीत हरवल्या होत्या. शिवाय फोटोला दिसतो बर्फाचा वरचा थर. खाली खडक किती खोल आहे, ते दिसत नाही. म्हणून नेपाळच्या मोजणीदारांनी २०१९ मध्ये आणि चीनच्या मोजणीदारांनी २०२० मध्ये उपग्रहांचे संकेत पकडणारं यंत्र माथ्यावर नेलं आणि बर्फाची जाडी रडारने मोजली. दोघांनी मिळून ८ डिसेंबर २०२० ला जाहीर केलेला आकडा ८,८४८.८६ मीटर. १९५५ मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाने लांबून मोजून ८,८४८ सांगितलं होतं. लांबूनच्या मोजणीसाठी हे कौतुकास्पद आहे.

हेरांचे फोटो, हिमनद्यांचा हिशेब

मग हा सगळा खटाटोप कशासाठी? आजचं उत्तर आहे पाणी.

शीतयुद्धात अमेरिकेचे 'हेक्सागन' नावाचे हेर उपग्रह फिल्मवर फोटो काढत. भरलेली फिल्म डब्यात बंद करून खाली सोडत आणि पॅराशूटने उतरणारा डबा विमान हवेतच आकड्याने पकडे. हेरगिरीच्या ओघात हिमालयही टिपला गेला, तोही स्टिरिओ जोडीत. पुढे हे फोटो खुले झाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकातल्या त्या फोटोंवरून हिमालयातल्या सुमारे ६५० हिमनद्यांचा जुना पृष्ठभाग उभा केला आणि नव्या मोजणीशी ताडून पाहिला. १९७५ ते २००० या काळात हिमनद्यांची जाडी सरासरी वर्षाला पाव मीटरने घटत होती. २००० नंतर तो वेग जवळजवळ दुप्पट झाला. ज्यांनी ते फोटो काढले, त्यांना हिमनदीशी काडीचं देणंघेणं नव्हतं.

इथे एक शंका रास्त आहे. कालच दोन मीटर बर्फ पडला असेल तर जाडी वाढलेली नाही का दिसणार? दिसेल. म्हणून शक्यतो एकाच ऋतूतले, उन्हाळ्यातली वितळ संपतानाचे फोटो एकमेकांशी ताडतात.

७ फेब्रुवारी २०२१ ला उत्तराखंडमध्ये चमोलीत ऋषीगंगा आणि धौलीगंगेला लोंढा आला. दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, दोन जलविद्युत प्रकल्पांची वाट लागली. आपल्या बातम्यांत 'हिमनदी फुटली' असं आलं, काही ठिकाणी तर 'हिमनग'. (हिमनग समुद्रात तरंगतो, तो चमोलीला येणार कसा?) पण आधीचे आणि नंतरचे उपग्रह फोटो शेजारी ठेवल्यावर वेगळंच दिसलं. रोंती शिखराच्या कड्याचा मोठा लचका जागेवर नव्हता. स्टिरिओ जोड्यांमधून त्याचं मापही निघालं: सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ, त्यातला बहुतांश खडक, सुमारे १,८०० मीटर खाली कोसळलेला. घर्षणाच्या उष्णतेने बर्फ वितळला आणि त्याचा लोंढा झाला. हिमनदीजवळचं तळं फुटून हा लोंढा आला असता तर वर उरलेली तळी शोधायची असती. कडा कोसळला म्हटल्यावर नजर ठेवायची ती कड्यांवर.

"उपग्रह आहेत, मग विमान आणि ड्रोन कशाला?"

उपग्रह बरंच करतात. आपला कार्टोसॅट-१ हा २००५ मध्ये गेला तो एक कॅमेरा पुढे आणि एक मागे कललेला घेऊन, खास स्टिरिओ जोड्यांसाठीच. पण गच्चीवरून वाकून पाहिलं तर आपल्याच इमारतीची भिंत दिसत नाही, तसा सरळसोट कडा उपग्रहाला नीट दिसत नाही. पावसाळ्यात ढग आड येतात. ढगांपलीकडचं रडारला दिसतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमचं साउथ ल्होनाक तळं फुटलं, तेव्हा इस्रोने उपग्रहांच्या चित्रांवरूनच ते शंभरहून जास्त हेक्टरांनी आटल्याचं दाखवलं. पण रडारचं चित्र वाचणं हे वेगळंच शास्त्र, ते इथे नको.

ड्रोन कड्यासमोर उभं राहू शकतं. जुलै २०१८ मध्ये काराकोरममधल्या ब्रॉड पीकवर स्कॉटिश गिर्यारोहक रिक ॲलन बेपत्ता झाला, तो गेलाच असं खालच्या लोकांनी धरलं होतं. शेजारच्या के-२ वर आलेल्या पोलिश गटातल्या बार्टेक बार्गिएलने ड्रोन पाठवून त्याला उतारावर शोधलं आणि बचावपथकाला जागा दाखवली. ॲलन जिवंत खाली आला. ते ड्रोन बाजारात मिळणारंच होतं. अडचणी मात्र १९३३ च्याच आहेत: पात्यांना रेटायला हवा कमी आणि थंडीत लवकर दम तोडणारी बॅटरी.

मावशीचं एव्हरेस्ट

आम्ही दोघं एकशेचाळीस फोटो चाळत बसलो. मावशीने सगळ्यात पांढरं, सगळ्यात टोकदार शिखर निवडून ठेवलं होतं, "एव्हरेस्ट असंच असणार!" बहुतेकांची हीच चूक होते. दक्षिणेकडून पाहिलं तर एव्हरेस्ट ल्होत्से आणि नुप्त्से या शेजारच्या शिखरांच्या लांबलचक भिंतीमागे दडलेलं असतं, फक्त वरचा त्रिकोण डोकावतो. आणि तो पांढराही नसतो. हिवाळ्यातला सोसाट्याचा वारा तिथला बर्फ झाडून नेतो आणि काळा खडक उघडा पडतो.

चौऱ्याण्णवाव्या फोटोत पंखाच्या टोकाशी ती भिंत सापडली. मागे बोटाच्या पेराएवढा काळपट त्रिकोण होता आणि त्याच्या माथ्यावरून उजवीकडे बर्फाचा फराटा उडत होता. मी एक्स्पोजर थोडं वाढवून दिलं. मावशीने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "हे? हे तर मी पुसून टाकणार होते."